पाठ न फिरवणाऱ्यांचं गाव

फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हॉल होता आणि त्या संध्याकाळी हॉलच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खाली दुकानातले सोफे रिकामे पडले होते आणि वर माणसं एकमेकांच्या पायांवर उभी होती. ज्यांना आत शिरता आलं नाही ते दारातल्या माणसाला विचारत, "काय म्हणाली?" तो मागच्याला सांगे, मागचा खालच्याला. शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत त्या वाक्याचं काय होत असेल ते देव जाणे.

आत सगळ्यांच्या समोर एका आरामखुर्चीत माझी थोरली बहीण डोळे मिटून पडली होती. खुर्ची खालच्या दुकानातूनच आणलेली, तिच्या हातांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. ताईच्या शेजारी स्टुलावर तो बसला होता. बाकीचे त्याला डॉक्टर म्हणत. कशाचा डॉक्टर, हे कोणी विचारत नसे. मी त्याला मागेबुवा म्हणायचो, कारण त्याची निम्मी विद्या त्या एकाच शब्दात सामावलेली होती.

"मागे चला," तो म्हणत होता. "शाळा मागे टाका. पाळणा मागे टाका. आईचं पोट मागे टाका. मागे... आणखी मागे... येऊ द्या, येऊ द्या."

अरुंद गल्लीत ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडतो, अगदी तसंच. फक्त आवाज लोण्यासारखा. खुर्चीत दुसरं कोणी असतं तर मी हसून घेतलं असतं.

"कुठे आहात?"

"काळोखात," ताई म्हणाली.

"तळघर आहे का?"

ताई जरा थांबली. "हो. तळघर."

"समोर कोण दिसतं? येशूचे शिष्य?"

"हो. ते सगळे उजेडात आहेत. मी खांबाच्या आड आहे."

"त्यांना ओळखता?"

"सगळ्यांना. ते काय बोलणार हे मला आधीच माहीत असतं. त्यांच्या तोंडी यायच्या आधी शब्द माझ्या ओठांवर येतो."

हॉलमधून एक सुस्कारा फिरला. मागेबुवा स्टुलावरून उठला आणि लोकांकडे वळला.

"ऐकलंत? दोन हजार वर्षं विद्वान भांडताहेत. पहिल्या ख्रिस्ती मंडळीत कोण होतं, बायकांना तिथे काय मान होता, शिकवण कोणाच्या तोंडून आली. कागद चिवडून चिवडून म्हातारे झाले बिचारे. उत्तर इथे या खुर्चीत बसलंय. या बाई त्या मंडळीच्या संदेष्टी होत्या. देवाचा शब्द आधी यांच्याकडे येई आणि मग शिष्यांच्या मुखातून बाहेर पडे. हे तुम्हाला कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. का मिळणार नाही? कारण पुस्तकं लिहिणारे तिथे नव्हते. या होत्या."

शेजारच्या गृहस्थांनी डोळे पुसले. मीही डोळे पुसले असते, पण माझं कारण वेगळं होतं. ताईच्या डाव्या छातीत गाठ होती. आणि त्या आठवड्यात ती कापून काढायची ठरलेली तारीख ताईने स्वतः फोन करून रद्द केली होती.

ताईने उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढला. भावोजी गेल्यापासून ती आणि माझी भाची दोघीच राहतात. गाठ तिला आंघोळ करताना लागली. तपासण्या झाल्या, तुकडा काढून तपासला, गाठ वाईट निघाली. पण लहान होती आणि वेळेत सापडली होती. सर्जनबाईंनी मला आणि भाचीला समोर बसवून सरळ सांगितलं, "आत्ता काढली तर बहुतेक बऱ्या होतील. थांबलात तर मी काही बोलू शकत नाही."

तारीख ठरली आणि ताईची झोप गेली. तिच्या एक्स्चेंजमधल्या एका जुन्या मैत्रिणीने शांत झोप लागावी म्हणून तिला मागेबुवाकडे नेलं. पहिल्यांदा नुसते दीर्घ श्वास. मग पाळणा. मग तळघर. आणि त्या तळघरात ताईला एक आजारी बाई दिसली. ती बाई गर्दीतून पुढे आली, तिने एका झग्याची किनार धरली आणि ताठ उभी राहिली.

"ती बाई तुम्हीच ना?" मागेबुवाने विचारलं.

ताईने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. मग म्हणाली, "हो."

घरी आली ती हसत. मला जेवायचं वाढता वाढता म्हणाली, "आता ऑपरेशन नको रे. मी बरी झालेय. तेव्हाच झालेय. ही गाठ म्हणजे नुसती त्या दुखण्याची आठवण आहे म्हणे. आठवण मोकळी झाली की विरघळून जाईल."

माझा घास हातातच राहिला. ताई माझ्याशी लहानपणापासून खोटं कधी बोलली नव्हती आणि तेव्हाही बोलत नव्हती. तिला खरंच बरं वाटत होतं, चेहऱ्यावरची ओढ गेली होती. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, काचा बसवायच्या. दुपारी गिऱ्हाईक नसताना भाची आली आणि तपासणीच्या खुर्चीवर बसली. तिचे डोळे सुजलेले होते.

"मामा, मला तरी सांग, आईला हे सगळं माहीत कुठून? तिने बायबल कधी उघडलेलं नाही. आणि त्या लोकांची आपसातली भांडणं काय, कोण कोणावर रुसलं काय, सगळं सांगते. मनाने रचत असेल असं वाटत नाही."

"रचत नाहीये ती."

"मग खरं आहे?"

मी तिच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली, एक काच घातली आणि समोरच्या अक्षरांकडे बघायला सांगितलं. "हे बरं दिसतं..." काच काढली, घातली. "की हे?"

"दुसरं."

"नीट बघ. हे की हे?"

"आता पहिलं जरा ठळक होतं."

"काच मी बदललीच नाही. तीच काढली आणि तीच घातली."

तिने चौकट उतरवून माझ्याकडे पाहिलं. "पण मला खरंच फरक दिसला."

"दिसणारच. मी विचारलं म्हणजे फरक असणार, असं तू धरून चाललीस. तू खोटं बोलली नाहीस. दिवसातून दहा माणसं या खुर्चीत हेच करतात, आणि तीसुद्धा टक्क जागी असतात. आता डोळे मिटून, अंग सैल सोडून, मरणाची भीती पोटात घेऊन पडलेल्या माणसाला विचार, तळघर आहे का, शिष्य आहेत का, ती बाई तुम्हीच ना. तो 'हो' नाही म्हणणार तर काय म्हणेल?"

"म्हणजे तो लबाड आहे?"

"असेल. किंवा त्याला स्वतःलाही कळत नसेल. पण काच न बदलता नंबर काढणारा माणूस मी दुकानात एक दिवस ठेवणार नाही."

मग तिने बरोबर जागेवर बोट ठेवलं. "ठीक आहे, 'हो' तिने त्याच्या विचारण्यामुळे म्हटलं. पण खांब त्याने विचारला नव्हता. शब्द आधी ओठांवर येतो, हे त्याने विचारलं नव्हतं. ते कुठून आलं?"

त्यासाठी जाणकार माणूस हवा होता.

आमच्या रस्त्याच्या टोकाला चर्च आहे. तिथले फादर माझं जुनं गिऱ्हाईक. माणूस शिकलेला, सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती मंडळींचा इतिहास हा त्यांच्या आवडीचा विषय. मी त्यांना हॉलवर घेऊन गेलो. ताई पुन्हा काळोखात खांबाआड होती. मागेबुवाने मोठ्या मनाने फादरना प्रश्न विचारायची परवानगी दिली.

"त्यांच्या गळ्यात काय आहे?" फादरनी विचारलं.

"क्रूस. लाकडी. चांगले मोठे."

"आणि वाचतात कशातून?"

"जाडजूड पुस्तक आहे. काळं. हातात धरताना दमतात."

फादर लोकांकडे वळून शांतपणे म्हणाले, "त्या काळी क्रूस हे देहदंड द्यायचं साधन होतं. फाशीचा दोर गळ्यात घालून कोणी मिरवेल का? ते चिन्ह अंगावर वागवायची रीत पुष्कळ पुढची. आणि ग्रंथ तेव्हा गुंडाळ्यांवर लिहीत. या बाई जे पाहतात ते त्या काळातलं असू शकत नाही."

मला वाटलं, झालं, बोलती बंद. मागेबुवा मात्र गालातल्या गालात हसला.

"फादर, तुमचे ग्रंथ म्हणतात, क्रूस नव्हते. या म्हणतात, होते. तिथे हजर कोण होतं, तुमचे ग्रंथ की या?"

टाळ्या पडल्या. मी तेव्हा त्याच्या धंद्याची खरी खुबी ओळखली. पुस्तकाशी जुळलं तर पुरावा, आणि जुळलं नाही तर नवा शोध. या दुकानातून चुकीच्या नंबरचा चष्मा बाहेर पडणं शक्यच नव्हतं.

जिना उतरताना फादर मला म्हणाले, "माझ्या धर्माच्या उगमाची चर्चा चाललीय आणि वर मलाच अडाणी ठरवलं. येशूच्या झग्याची किनार धरून बरी झालेली बाई आमच्या शुभवर्तमानात आहे, माझा त्यावर विश्वास आहे. पण रक्तदाबाची गोळी मी रोज सकाळी न चुकता घेतो. तुमच्या ताईंना एवढं तरी सांगा."

सांगितलं. ताई म्हणाली, "फादर चांगले आहेत, पण ते तिथे नव्हते ना रे."

मग भाचीने एक शहाणपणाचं काम केलं. मागेबुवा प्रत्येक बैठक ध्वनिमुद्रित करून भक्तांना वाटत असे. तिने ती सगळी ध्वनिमुद्रणं फोनवर घेतली आणि दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही दोघं ऐकत बसलो. मी तिला म्हटलं, "त्याचे प्रश्न सोडून दे. तुझी आई आपणहून काय बोलते तेवढंच ऐक."

ऐकायला लागलो आणि मी बुचकळ्यात पडलो.

"चालताना पोकळ आवाज येतो," ताई म्हणत होती.

"दगडी तळघर ना?" मागेबुवा.

"हो, दगडी. पण पोकळ वाजतं."

पुढे एका ठिकाणी: "जिना आहे. वर जातात ते. वर काही नाही. पलीकडून हळूच खाली उतरतात."

आणखी पुढे: "जेवायला सगळे टेबलाच्या एकाच बाजूला बसतात. दाटीवाटीने. पलीकडची बाजू मोकळी."

आणि मग ते. "कोणीच पाठ फिरवत नाही. बोलताना एकमेकांकडे बघतात, पण पाठ फिरवत नाहीत."

"कोणाकडे पाठ फिरवत नाहीत?"

"त्या बाजूला. तिकडे काळोख आहे. काळोखात पुष्कळ जण आहेत."

"आत्मे?" मागेबुवाचा आवाज थरथरला. "पुढे जन्म घेणारे आत्मे?"

"हो," ताई म्हणाली. मग थोडं थांबून, "खोकतात."

भाचीला हसू फुटलं. मला नाही. मी हातातला, चष्म्याचे स्क्रू पिळायचा पेचकस खाली ठेवला आणि तिला फोन बंद करायला सांगितलं. पुढचं ऐकायची गरज उरली नव्हती.

"तुझी आई लग्नाआधी नाटकात होती," मी म्हटलं.

"आई? नाटकात?"

"काम करत नसे. पोस्टातल्या आणि टेलिफोनमधल्या लोकांचं नाट्यमंडळ होतं. ती प्रॉम्प्टर होती. मी तेव्हा बाहेर शिकायला होतो, त्यांचं एकही नाटक मी पाहिलेलं नाही. ती विंगेत बसायची, खांबाशेजारी, काळोखात. सगळे उजेडात. आणि त्यांचं पुढचं वाक्य तिला आधी म्हणावं लागायचं, हळू, फक्त त्या नटाला ऐकू जाईल असं. तेच तिचं काम."

भाचीने तोंडावर हात ठेवला.

त्या मंडळातले हयात असलेले एकच गृहस्थ मला माहीत होते. पोस्टातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, सगळे त्यांना नुसतं काका म्हणत. त्यांच्या एका खोलीत आम्ही जाऊन बसलो आणि मी विचारलं, येशूच्या शिष्यांवर कधी नाटक केलं होतं का?

काकांचा चेहराच उजळला. "केलं म्हणजे? वर्षभर केलं. आमच्या हेडक्लार्कने लिहिलेलं. शिष्य भिऊन तळघरात लपून बसतात, त्यावर. मी मुख्य शिष्य. क्रूस मी स्वतः पार्सलच्या खोक्यांच्या फळ्या कापून केले होते. मागच्या रांगेतून दिसायला हवेत म्हणून चांगले वीतभर."

"आणि काळं पुस्तक?"

"टेलिफोन डिरेक्टरी. वर काळा कागद चिकटवलेला. धरून धरून मनगट दुखायचं हो."

"आजारी बाई होती त्यात?"

"होती तर. पोस्टाच्या तिकीट खिडकीवरची एक मुलगी ते काम करायची. किनार धरायची आणि बरी व्हायची. फार टाळ्या पडायच्या तिला." मग ते जरा ओशाळले. "माझं शेवटचं भाषण मात्र दर प्रयोगाला एकाच जागी अडायचं. ठरलेलं. तुमच्या ताई नसत्या तर आमचा पडदा कधी पडलाच नसता."

मी काकांना सगळी हकीकत सांगितली. गाठीचंही सांगितलं. ते एका शब्दावर तयार झाले.

पुढच्या बैठकीला काका पहिल्या रांगेत बसले. ताईला मागे, आणखी मागे नेऊन झालं, खांब आला, काळोख आला, आणि काका उठून उभे राहिले. मागेबुवाने हात वर केला, पण तोवर त्यांनी सुरुवात केली होती. म्हातारा माणूस, पण आवाज अजून खणखणीत.

"बंधूंनो, आम्ही भ्यालो होतो, म्हणून दार लावून बसलो. आणि दार लावून बसलो म्हणून..."

आणि काका थांबले. थांबायचं आमचं ठरलंच होतं. पण पुढचं त्यांना खरोखरच आठवेना, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मग आरामखुर्चीतून, डोळे मिटलेले असतानाच, ताईचा हळू आणि स्वच्छ आवाज आला.

"म्हणून बाहेर उजाडलेलं आम्हाला कळलंच नाही."

काकांनी ते वाक्य उचललं आणि भाषण पुरं केलं.

मी बाजूच्या एका खुर्चीवर चढलो. सगळं सांगितलं. नाट्यमंडळ, हेडक्लार्क, विंग, खोक्याच्या फळ्यांचे क्रूस, काळ्या कागदातली डिरेक्टरी. पोकळ वाजणारी दगडी जमीन म्हणजे रंगमंचाच्या फळ्या. कोणी पाठ फिरवत नाही ते प्रेक्षकांकडे. आणि काळोखात खोकणारे आत्मे म्हणजे तिकीट काढून बसलेले लोक. "ताईने खोटं काही सांगितलेलं नाही," मी म्हटलं. "ती तिथे होती. फक्त ते तिथे म्हणजे दोन हजार वर्षांमागे नाही, तिच्या ऐन तरुणपणी. वर्षभर म्हटलेली वाक्यं डोक्यात रुतून बसली आणि कुठली ते ती विसरली. या माणसाने नको तसे प्रश्न विचारून त्यांना यरुशलेमचा पत्ता चिकटवला. माझ्या बहिणीला गाठ आहे. तिला दवाखान्यात जाऊ द्या."

मला वाटलं, जिंकलो.

मागेबुवा पुढे आला. त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. त्याने काकांचे दोन्ही हात हातांत घेतले.

"किती जन्म शोधत होतात एकमेकांना?" तो म्हणाला. मग लोकांकडे वळला. "यांचे भाऊ म्हणतात, नाटक केलं. केलं ना, मी कुठे नाही म्हणतो? पण मला सांगा, जगातले सगळे विषय सोडून टेलिफोनवाल्यांनी हेच नाटक का केलं? आणि याच दोघांच्या वाट्याला हीच कामं का आली? आठवण आत होतीच. ती आधी नाटकातून बाहेर यायला बघत होती, आता या खुर्चीतून आली. आपण एक साक्षीदार शोधत होतो. आज दोन मिळाले."

छत उडेल अशा टाळ्या पडल्या. लोक काकांभोवती जमले, फोटो काढायला लागले. काका म्हणत होते, "अहो, मी पोस्टात होतो."

"बरोबर आहे," कोणीतरी भारावून म्हणालं. "तेव्हाही संदेश पोचवायचात, या जन्मीही तेच."

एक बाई माझ्याजवळ येऊन मला म्हणाल्या, "तुम्ही किती नशीबवान, हे तुमच्या घरात घडतंय." मी खुर्चीवरून खाली उतरलो. माझ्याजवळ दाखवण्यासारखं आणखी काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेलो. ती खिडकीशी बसून धुतलेले कपडे घड्या करून ठेवत होती. डावा हात सांभाळून वापरत होती, ते मला दिसलं.

"आठवलं मला," तीच म्हणाली. "डिरेक्टरी आठवली. काकांचं अडणं आठवलं. तिकीट खिडकीवरची ती मुलगीसुद्धा आठवली, किती नखरे तिचे."

"मग?"

"मग काय."

"ताई, मग ऑपरेशन करून घे. मी आज सर्जनबाईंशी बोलतो."

तिने एका उशीच्या अभ्र्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मी नक्की बरी होईन, असं त्या म्हणतात का?"

"बहुतेक, म्हणाल्या."

"बघ. त्या बहुतेक म्हणतात. तो नक्की म्हणतो."

"नक्की म्हणायला त्याच्या बापाचं काय जातं?"

"मला रात्री झोप लागते रे आता," ताई म्हणाली. "तुला नाही कळायचं. तो खोटा असेल. असेलच. पण तुम्ही सगळे खरं बोलता तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो."

मी बोलत राहिलो. आकडे सांगितले, ओळखीतल्या बऱ्या झालेल्या बायका सांगितल्या, भाचीची शपथ घातली, शेवटी तिच्यासमोर रडलो. ताईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी पडलो की फिरवायची तसाच. मी तिला समजवायला गेलो होतो आणि तीच माझी समजूत काढत होती. मी हात टेकले.

काकांचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण माझा सगळा भरवसा त्यांच्यावर होता. ते आता मागेबुवाच्या बैठकांना नेमाने जातात. मी त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, काका, तुम्हाला तर सगळं माहीत आहे. ते खाली बघत म्हणाले, "माहीत आहे हो. पण घरी दिवसच्या दिवस माझ्याशी बोलायला कोणी नसतं. आणि तिथे... एवढे प्रेक्षक आम्हाला तेव्हासुद्धा मिळाले नव्हते." त्यांच्यावर रागवावं असं फार वाटलं, पण राग धरता आला नाही.

गाठ विरघळली नाही. वाढली. एका सकाळी ताई आपणहून भाचीला म्हणाली, "चल." मीही गेलो. सर्जनबाईंनी तपासलं, नव्याने स्कॅन काढले, आणि आम्हाला पुन्हा समोर बसवलं. पसरलं होतं. आता कापून उपयोग नव्हता. दुखणं कमी करता येईल, वेळ थोडा वाढवता येईल, त्या म्हणाल्या. त्या ताईवर रागावल्या नाहीत. मला वाटतं, त्यांनी हे फार वेळा पाहिलं असावं.

मागेबुवाला कळलं तेव्हा त्याने हॉलमध्ये जाहीर केलं की ताईची श्रद्धा शेवटी डळमळली, तिच्या घरच्यांनी डळमळवली. म्हणजे तीही जबाबदारी आमच्याच अंगावर. त्याला आता नवीन साक्षीदार मिळाली आहे आणि जिन्यात तेवढीच गर्दी असते. त्याच्याविरुद्ध तक्रार करायला मी पोलिसांत गेलो होतो. तिथल्या साहेबांनी विचारलं, त्याने ऑपरेशन करू नका असं म्हटल्याचा पुरावा आहे का? सगळी ध्वनिमुद्रणं मी पुन्हा ऐकली. तसं त्याने एकदाही म्हटलेलं नाही. त्याने फक्त विचारलं होतं, ती बाई तुम्हीच ना?

दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी ताईने मला जवळ बसवून घेतलं.

"मी तिथे नव्हतेच ना रे?"

"नाही, ताई."

"म्हणजे मी बरी झालेच नव्हते."

"नाही."

"तू मला आधी सांगायचंस."

मी सांगितलं होतं. घरात बसून, भरल्या हॉलमध्ये खुर्चीवर चढून सांगितलं होतं. पण मी नुसती मान हलवली आणि तिचा हात हातात घेऊन बसलो.

हे वाचणाऱ्यांना मला एवढंच म्हणायचं आहे. मागच्या जन्मातून इतिहास आणणारा एकही माणूस मला असा भेटलेला नाही, ज्याने या जन्मात कानांवरून किंवा डोळ्यांखालून न गेलेली गोष्ट आणली. मन ऐकलेलं साठवतं आणि कुठे ऐकलं ते विसरतं. मग कोणी हवा तसा प्रश्न विचारला की ते हवं तसं उत्तर देतं. यात चमत्कार काही नाही, हे माझ्या तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात रोज चालतं. धर्माचा उगम शोधायचा असेल तर जुने कागद आहेत, खणून काढलेल्या वस्तू आहेत, त्या वाचणारी माणसं आहेत. त्यांना विचारा, ती "बहुतेक" म्हणतील. शरीराचं दुखणं असेल तर डॉक्टरला विचारा, तोही "बहुतेक" म्हणेल. खरं बोलणारा माणूस असाच बोलतो. त्याचा राग धरू नका.

आणि तुमच्या घरातलं कोणी भीतीपोटी अशा खुर्चीत जाऊन बसलं, तर त्याला हसू नका, त्याच्याशी भांडतही बसू नका. दवाखान्याची तारीख तेवढी चुकवू देऊ नका, पाया पडा, रडा, हाताला धरून न्या. खरं काय नि खोटं काय हा वाद नंतर निवांत घाला. तो घालायला ते माणूस घरात उरलं पाहिजे.